आईची भाषा : कवी पॉल सेलान

कार्पाथियन पर्वतांच्या पूर्वेला, प्रुत नदीच्या काठी चेर्नोव्हित्स नावाचे शहर आहे. आज ते युक्रेनमध्ये असून त्याला चेर्निव्त्सी म्हणतात. गेल्या शतकात या शहरावरील झेंडे इतक्या वेळा बदलले की, एखाद्या दीर्घायुषी माणसाने उंबरठा न ओलांडताही चार देशांचे नागरिकत्व भोगले असते. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बुकोव्हिना प्रांताचे मुख्य ठाणे होते. पहिल्या महायुद्धानंतर ते रोमानियाकडे गेले. पुढे सोव्हिएत सैन्य आले, मग पुन्हा रोमानिया, पुन्हा सोव्हिएत. त्याच्या बाजारात जर्मन, रोमानियन, युक्रेनियन, पोलिश आणि यिद्दिश या भाषा शेजारी शेजारी नांदत. लोकसंख्येत एक-तृतीयांशाहून अधिक ज्यू होते आणि त्यांतील सुशिक्षितांनी जर्मन ही आपली भाषा मानली होती. १८७५ मध्ये तेथे जर्मन भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले होते. व्हिएन्ना शेकडो मैल दूर; पण चेर्नोव्हित्सच्या घराघरांत गटे आणि शिलर वाचले जात. साम्राज्य गेले, राज्यभाषा बदलली, तरी या घरांतील जर्मन गेली नाही. मुख्य प्रदेशापासून तुटलेल्या समाजात भाषा कधी कधी मूळ गावापेक्षाही जास्त निगुतीने जपली जाते. तसे येथे घडले.

अशाच एका घरात २३ नोव्हेंबर १९२० रोजी पॉल आन्चेल याचा जन्म झाला. पुढे जग त्याला पॉल सेलान या नावाने ओळखू लागले. वडील लिओ बांधकामाचे शिक्षण घेतलेले, पण सरपणाच्या लाकडाच्या दलालीवर प्रपंच चालवणारे. स्वभावाने कडक. ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये आपला देश उभारावा या विचाराने ते भारलेले होते आणि मुलाने हिब्रू शिकावे हा त्यांचा आग्रह होता. आई फ्रेडेरिके, तिला सारे फ्रित्सी म्हणत. तिचे शालेय शिक्षण बेताचे, वाचन मात्र मोठे. जर्मन अभिजात साहित्यावर तिचा जीव होता. चेर्नोव्हित्समध्ये रस्त्यावर जी जर्मन ऐकू येई तिच्यात यिद्दिश, युक्रेनियन, रोमानियन अशी सरमिसळ असे. फ्रित्सीला ती घरात चालत नसे. मुलाने शुद्ध, ग्रांथिक जर्मन बोलावी याकडे तिचे बारीक लक्ष होते. पॉल एकुलता एक. वडिलांचा धाक आणि आईची माया यांत वाढलेल्या या मुलाची जर्मन अशी आईच्या हातून घडली. मातृभाषा हा शब्द जर्मनमध्येही नेमका असाच बनलेला आहे. या मुलाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा होता.

शिक्षणाची सुरुवात जर्मन शाळेत झाली. नंतर वडिलांच्या इच्छेने काही वर्षे हिब्रू शाळा आणि पुढे रोमानियन माध्यमाची सरकारी माध्यमिक शाळा. घरी एक भाषा, प्रार्थनेची दुसरी, परीक्षेची तिसरी. फ्रेंच तो आवडीने शिकला. रशियन आणि इंग्रजी पुढे जोडीला आल्या. पण रिल्केच्या कविता मित्रमैत्रिणींना वाचून दाखवताना त्याचा जो आवाज लागे तो आईच्या भाषेचा होता.

शालान्त परीक्षेनंतर त्याने वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे ठरले. रोमानियात ज्यू विद्यार्थ्यांना वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळणे जवळजवळ अशक्य झाले होते. म्हणून नोव्हेंबर १९३८ मध्ये तो फ्रान्समधील तूर या गावी निघाला. वाट जर्मनीतून होती. १० नोव्हेंबरच्या सकाळी त्याची गाडी बर्लिनला पोहोचली. आदल्या रात्री सबंध जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटवली गेली होती आणि दुकानांच्या काचांचा रस्त्यांवर खच पडला होता. त्या दिवसाची आठवण अनेक वर्षांनी त्याच्या एका कवितेत उतरली. तूरमध्ये त्याने एक वर्ष काढले. १९३९ च्या उन्हाळ्यात सुटीसाठी तो घरी आला, युद्ध सुरू झाले आणि परतीचा रस्ता बंद झाला. वैद्यक सुटले ते सुटलेच. चेर्नोव्हित्सच्याच विद्यापीठात तो फ्रेंच आणि तिच्या भगिनी भाषांचा अभ्यास करू लागला.

१९४० च्या जूनमध्ये सोव्हिएत फौजा शहरात आल्या. वर्षभराने त्या मागे हटल्या आणि जुलै १९४१ मध्ये जर्मन व त्यांच्या मित्रपक्षाचे रोमानियन सैन्य शहरात शिरले. मोठे प्रार्थनामंदिर जाळले गेले. ज्यूंना अंगावर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती झाली. ऑक्टोबरमध्ये जवळजवळ पन्नास हजार माणसांना शहराच्या एका लहानशा भागात कोंडण्यात आले आणि तेथून रोमानियन राजवट त्यांना गाड्यांत भरून नीस्तर नदीपलीकडील ट्रान्सनिस्ट्रिया या ओसाड मुलखात धाडू लागली. शहराचे महापौर त्रायान पोपोविची यांनी वरिष्ठांशी झगडून, शहराचा कारभार चालण्यासाठी ही माणसे आवश्यक आहेत असे सांगत, सुमारे वीस हजार ज्यूंना राहण्याचे परवाने मिळवून दिले. या एका माणसाच्या धीटपणामुळे जे वाचले त्यांत आन्चेल कुटुंबही होते. त्या कोंडवाड्याच्या दिवसांत पॉल शेक्सपिअरची सुनीते जर्मनमध्ये आणत होता.

पण पोपोविची यांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांनी दिलेले परवाने रद्दबातल ठरले. जून १९४२ मध्ये धरपकडीची दुसरी लाट आली. ती शनिवारी रात्री येई. ज्यांना लपायला जागा होती ते शनिवार-रविवार घराबाहेर काढत. २७ जूनच्या रात्री पॉल घरी नव्हता. तो बाहेर का होता, आईवडिलांनी त्याच्यासोबत जायला नकार दिला की काही वादावादी झाली, याविषयी निरनिराळ्या हकिगती सांगितल्या जातात. तो परतला तेव्हा घर रिकामे होते आणि दाराला सील लावलेले होते. त्या रात्री आपण तेथे नव्हतो, ही सल त्याच्या मनातून पुढे कधीच निघाली नाही.

आईवडिलांना बुग नदीच्या पलीकडे, मिखाइलोव्का येथील छावणीत नेण्यात आले. तेथे कैद्यांकडून जर्मनांसाठी रस्ता बांधून घेतला जात होता. शरदात वडील गेले. हिवाळ्यात आई कामाला निरुपयोगी ठरली आणि तिला गोळी घालण्यात आली. दोन्ही बातम्या पॉलला मागाहून, तुटक तुटक मिळाल्या. गोळी घालणारे जर्मन बोलत होते. ज्या भाषेच्या शुद्धतेसाठी तिने मुलाला पुन्हा पुन्हा टोकले होते तीच ती भाषा.

त्याच मिखाइलोव्काच्या छावणीत पॉलच्या नात्यातली एक बहीण होती, सेल्मा मेअरबाउम-आयझिंगर. तीही कविता करी. १६ डिसेंबर १९४२ रोजी विषमज्वराने ती गेली तेव्हा तिचे वय अठरा होते. नेले जाण्यापूर्वी तिने आपल्या कवितांची हाताने लिहिलेली वही एका मित्रासाठी मागे ठेवली होती. तिच्यात सत्तावन्न कविता. त्यांतील काही भाषांतरित. शेवटी लाल पेन्सिलीने, पुरते लिहायला सवड मिळाली नाही अशा अर्थाची नोंद. मित्र वही सांभाळून श्रमछावणीत राहिला, पण पॅलेस्टाइनला निघण्यापूर्वी त्याने ती दुसऱ्याच्या हाती सोपवली. १९४४ मध्ये त्याचे जहाज बुडाले. वही मात्र हातोहाती प्रवास करत इस्राएलला पोहोचली आणि १९७६ मध्ये सेल्माच्या एका जुन्या शिक्षकांनी पदरमोड करून ती छापली. आज जर्मन वाचकांना हे नाव चांगले ठाऊक आहे. शिक्षकाने विद्यार्थिनीसाठी केलेले असे काम क्वचितच वाचायला मिळते.

पॉलला रोमानियाच्या दक्षिण भागात, बुझाऊजवळच्या श्रमछावणीत पाठवण्यात आले. तेथे मारून टाकण्यासाठी नव्हे तर राबवण्यासाठी माणसे ठेवली होती. हाच काय तो फरक. पुढे कोणी विचारलेच तर फावड्याने माती उपसत होतो, याहून अधिक तो सांगत नसे. पण एका लहानशा वहीत तो कविता लिहीत होता आणि चेर्नोव्हित्समधील मैत्रिणीला पाठवत होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये तो सुटून परत आला. लवकरच सोव्हिएत सैन्यही आले. मनोरुग्णालयात मदतनीस म्हणून त्याने काही काळ काम केले. तेविसाव्या वर्षी त्याच्याजवळ घर नव्हते, आईवडील नव्हते, थडग्यावर ठेवायला दगड नव्हता, कारण थडगेच नव्हते. उरली होती ती भाषा.

आणि तिचे काय करायचे, हा प्रश्नच होता. चेर्नोव्हित्सच्याच रोझे आउसलेंडर या थोर कवयित्री तळघरात लपून वाचल्या, अमेरिकेला गेल्या आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी जर्मनमध्ये एक ओळ लिहिली नाही. त्या इंग्रजीत कविता करू लागल्या. १९५६ मध्ये त्या जर्मनकडे परतल्या. त्यांना कोण दोष देईल? पॉलला तर रोमानियन आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत लेखक होता आले असते, एवढे त्याचे त्यांवर प्रभुत्व होते. तथापि आपले सत्य आपल्या आईच्या भाषेतच सांगता येते, अशी त्याची धारणा होती. भाषा सोडली तर आईचे उरलेले एकमेव घर सोडल्यासारखे होते. ठेवली तर मारेकऱ्यांशी ती वाटून घ्यावी लागणार होती. आईला उद्देशून लिहिलेल्या त्याच्या आरंभीच्या कवितांमागे हा पेच उभा आहे.

एप्रिल १९४५ मध्ये तो बुखारेस्टला आला. रशियन पुस्तकांच्या एका प्रकाशनसंस्थेत नोकरी मिळाली. लेर्मोंतोव्ह आणि चेखव्ह त्याने रोमानियनमध्ये आणले. तरुण लेखकांच्या टोळक्यात शब्दांचे खेळ, कोट्या, रात्रीच्या गप्पा असे त्याचे हे दिवस, सारे सोसून झाल्यावरही, बरे गेले. येथेच त्याने नाव बदलले. आडनाव रोमानियन वळणाने लिहिले जाई. त्यातील दोन अवयवांची उलटापालट केली की आन्चेलचे चेलान होते. त्याच्या पुढच्या भटकंतीत हे नावही भाषेगणिक बदलत गेले. रोमानियनांच्या तोंडी चेलान, जर्मनांच्या तोंडी त्सेलान, फ्रेंचांच्या तोंडी सेलान.

या नव्या नावाने मे १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेली पहिली कविता म्हणजे आज जगभर ओळखली जाणारी ‘मृत्यूची फ्यूग’. फ्यूग हा पाश्चात्त्य संगीतातील एक बंध. एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळे आवाज उचलतात, ती परस्परांत गुंफली जाते आणि पुन्हा पुन्हा परतते. छावण्यांमध्ये कैद्यांच्या एका गटाला खड्डे खणायला आणि दुसऱ्या गटाला वाद्ये वाजवायला लावले जात असे, ही वस्तुस्थिती होती. या दोन गोष्टी एकत्र आणून कवीने संगीताच्या लयीत संहाराचे चित्र उभे केले. विरामचिन्हे नसलेली ती कविता वाचताना श्वास घ्यायला जागा सापडत नाही. युद्धोत्तर जर्मन कवितेतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध अशी ही रचना प्रथम छापली गेली ती मात्र जर्मनमध्ये नव्हे. पेत्रे सोलोमन या मित्राने केलेल्या रोमानियन अनुवादाच्या रूपाने, ‘मृत्यूचा टँगो’ या नावाखाली ती वाचकांसमोर आली.

रोमानियात साम्यवादी राजवट घट्ट होत होती. १९४७ च्या अखेरीस सेलान यांनी लपतछपत सीमा ओलांडली आणि हंगेरीमार्गे व्हिएन्ना गाठले. आईच्या वाचनातून ज्या नगरीची स्वप्ने पाहिली होती ती प्रत्यक्षात निराळीच निघाली. कालचे नाझी तेथे पुन्हा खुर्च्यांवर बसले होते. येथे त्यांची भेट इंगेबोर्ग बाखमान या तरुण कवयित्रीशी झाली. एका नाझी पक्षसदस्याची मुलगी आणि एक वाचलेला ज्यू यांचे हे प्रेम पुढे अनेक वर्षे पत्रांतून आणि एकमेकांच्या कवितांतून वाहत राहिले. पहिला काव्यसंग्रह १९४८ मध्ये व्हिएन्नात छापला गेला, पण त्यात छपाईच्या चुका इतक्या की कवीने तो मागे घेऊन रद्दीत घालायला लावला. शब्दाशब्दावर आयुष्य तोललेल्या माणसाला चुकीचे अक्षर सहन होणे शक्यच नव्हते. जुलै १९४८ मध्ये ते पॅरिसला आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

मे १९५२ मध्ये बाल्टिक समुद्रकाठच्या निएनडॉर्फ येथे ‘गट ४७’ या जर्मन लेखकमंडळाच्या बैठकीत त्यांना काव्यवाचनासाठी बोलावले गेले. मंडळातील बरेचसे सदस्य युद्धातून परतलेले सैनिक. रोखठोक, कोरडी भाषा हा त्यांचा आदर्श. सेलान यांनी चेर्नोव्हित्सच्या रीतीने, आळवून कविता म्हटल्या. काही जण हसले. कोणी त्या आवाजाची तुलना गोबेल्सच्या आवाजाशी केली. ज्याची आई नाझींनी मारली त्याला हे ऐकावे लागले. तरीही त्या वाचनातूनच एका जर्मन प्रकाशकाशी गाठ पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘खसखस आणि स्मृती’ हा संग्रह श्टुटगार्टहून निघाला. त्याने सेलान यांचे नाव जर्मनीभर केले.

पुढची कथा शाळांशी निगडित आहे म्हणून थोडी सविस्तर सांगायला हवी. ‘मृत्यूची फ्यूग’ जर्मन शाळांच्या पाठ्यपुस्तकांत गेली. मुले तिच्यातील प्रतिमा ओळखू लागली, तिची संगीताच्या बंधाशी तुलना करू लागली, रूपकांची यादी करू लागली. हे सारे अध्यापनदृष्ट्या योग्यच. पण कवितेत ज्यांना खड्डे खणायला लावले आहे ते कोण, त्यांना लावणारे कोण, आणि त्या लावणाऱ्यांपैकी किती जण त्या वर्गातील मुलांचे वडील वा काका असतील, हा प्रश्न पुष्कळदा फळ्यावर येतच नसे. सौंदर्याची चर्चा झाली की जणू हिशेब चुकता झाला. सेलान यांना हे खुपले. काही वर्षांनी त्यांनी ती कविता जाहीर कार्यक्रमांत वाचणे सोडले आणि कवितासंग्रहांत ती घेण्यास संपादकांना मनाई करू लागले. आपली सर्वांत गाजलेली रचना कवीनेच अशी परत मागावी, हे विरळाच. आणि त्यांच्या नंतरच्या कवितांचे बदललेले रूप समजून घ्यायचे तर हा अनुभव विसरून चालणार नाही. ओळी आखूड झाल्या. गेयता गेली. शब्द मधूनच तुटू लागले, नवे जोडशब्द घडू लागले. भूगर्भशास्त्र, वनस्पतिशास्त्र, खाणकाम यांच्या कोशांतून त्यांनी शब्द वेचले. या कविता अवघड आहेत, हे मोकळेपणाने मान्य करावे. त्या सुंदर म्हणून खपवता येऊ नयेत, याची कवीने जाणून दक्षता घेतली आहे.

१९५२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जिझेल लेस्त्रांज या चित्रकर्तीशी विवाह केला. ती खानदानी फ्रेंच कॅथलिक घराण्यातली. घरच्यांना हे लग्न रुचले नाही. पहिला मुलगा फ्रांस्वा १९५३ मध्ये जन्मानंतर दीड दिवसही जगला नाही. १९५५ मध्ये एरिक झाला आणि त्याच वर्षी सेलान फ्रान्सचे नागरिक झाले. घरातील व्यवहार फ्रेंचमध्ये चाले. जिझेलला जर्मन येत नव्हती. आपली नवी कविता तिला पाठवताना सेलान सोबत अवघड शब्दांचे फ्रेंच अर्थ ओळीने लिहून देत. आईच्या भाषेत त्यांच्याशी रोज बोलणारे घरात कोणी नव्हते. ती ते शिकवत मात्र होते. १९५९ पासून पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत ते जर्मनचे अध्यापक होते आणि भाषांतर हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता.

भाषांतरकार म्हणून त्यांचे काम एखाद्याच्या आयुष्याला पुरून उरावे असे आहे. सात भाषांतील कवी त्यांनी जर्मनमध्ये आणले : शेक्सपिअर, एमिली डिकिन्सन, रँबो, व्हालेरी, उंगारेत्ती, पेसोआ. यांत त्यांच्या सर्वाधिक जवळचा ओसिप मांदेलश्ताम. हा ज्यू कवी १९३८ मध्ये स्टॅलिनच्या छावणीत मरण पावला होता. त्याच्या कवितांचा अनुवाद त्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि आपला १९६३ चा संग्रह त्याच्याच स्मृतीस वाहिला. आणखी एक काम फारसे सांगितले जात नाही. आलें रेने यांनी नाझी छावण्यांवर ‘रात्र आणि धुके’ हा माहितीपट काढला. त्याचे निवेदन माउटहाउझेन छावणीतून वाचलेल्या जां केरोल यांनी लिहिले होते. कानच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवू नये म्हणून पश्चिम जर्मन सरकारने हरकत घेतली. त्याच चित्रपटाचे जर्मन निवेदन सेलान यांनी १९५६ मध्ये तयार केले. जर्मन प्रेक्षकांनी छावण्यांचा वृत्तान्त ऐकला तो त्यांच्या शब्दांतून.

मानसन्मानही आले. १९५८ मध्ये ब्रेमेन नगरीचा साहित्य पुरस्कार, १९६० मध्ये जर्मन साहित्यातील सर्वश्रेष्ठ गणला जाणारा ग्योर्ग ब्युखनर पुरस्कार. ब्रेमेनच्या भाषणात त्यांनी भाषेविषयी बोलताना सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी, की एवढे सर्व गेले तरी ती हाताशी राहिली. मात्र जे घडले त्यासाठी तिच्यापाशी शब्द नव्हते आणि त्या मौनातून तिला जावे लागले. श्रोत्यांपैकी किती जणांनी ते स्वतःला लावून घेतले असेल, कोण जाणे.

याच सुमारास एका जुन्या व्रणाची खपली निघाली. पॅरिसमध्ये आल्यावर त्यांनी इव्हान गोल या आजारी कवीची सोबत केली होती, त्याच्या इच्छेवरून त्याच्या कविता जर्मनमध्ये आणल्या होत्या. गोलच्या मृत्यूनंतर त्याची विधवा क्लेअर गोल हिने सेलान यांच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. आधी पत्रके धाडून, मग १९६० मध्ये छापील स्वरूपात. आरोप निराधार होता. जाणकारांनी तपासून तो खोडून काढला, अनेक लेखक पाठीशी उभे राहिले. पण वृत्तपत्रांत चर्चा झाली ती झालीच. घर, आई, गाव सर्व हिरावले गेलेल्या माणसाजवळ फक्त शब्द होते आणि आता तेही त्याचे नाहीत असे म्हटले जात होते. सेलान यांना या प्रकरणात जुन्याच द्वेषाचा नवा चेहरा दिसला. मनाचा तोल ढळू लागला. १९६२ च्या अखेरीपासून त्यांना वेळोवेळी मनोरुग्णालयात राहावे लागले.

अंधारत जाणाऱ्या या वर्षांतही काही उजेडाच्या जागा होत्या. नेली साक्स ही बर्लिनची कवयित्री १९४० मध्ये वृद्ध आईसह स्वीडनला निसटली होती. पुढे १९६६ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. सेलान आणि ती अनेक वर्षे एकमेकांना पत्रे लिहीत होती. वयात एकोणतीस वर्षांचे अंतर. पण दोघांचे दुःख एक आणि भाषा एक. १९६० च्या मे महिन्यात एक जर्मन पुरस्कार घेण्यासाठी ती वीस वर्षांनी प्रथमच त्या बाजूला आली. जर्मनीत रात्र काढण्याचे तिला धैर्य होईना, म्हणून ती झुरिकला उतरली. सेलान कुटुंबासह तिला भेटायला गेले. नदीकाठच्या हॉटेलात बसून दोघे देवाविषयी बोलली. ती श्रद्धावान, ते देवाशी भांडणारे. समोरच्या कॅथीड्रलचे सोनेरी प्रतिबिंब पाण्यात पडले होते. त्या भेटीवर सेलान यांनी लिहिलेली कविता तिलाच अर्पण केलेली आहे. पुढे ती आजारी पडली तेव्हा ते तिच्यासाठी स्टॉकहोमला गेले.

दुसरी एक भेट अगदी वेगळ्या जातीची. २४ जुलै १९६७ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांनी हजाराहून अधिक श्रोत्यांसमोर काव्यवाचन केले. श्रोत्यांत तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर होते. सेलान यांनी हायडेगर यांचे ग्रंथ पेन्सिलीने खुणा करत वाचले होते. आणि हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते, त्याबद्दल त्यांनी पुढे कधी जाहीर खंत व्यक्त केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघे ब्लॅक फॉरेस्टमधील टोट्नाउबेर्ग येथील हायडेगर यांच्या लाकडी कुटीत गेले. सेलान यांनी पाहुण्यांच्या वहीत आपली आशा नोंदवली. ती एका शब्दाची होती. नंतर पावसाळी, चिखलट वाटेने फेरफटका झाला. तो शब्द आला नाही. भेटीवर सेलान यांनी कविता लिहिली आणि तिची खास छापून घेतलेली एक प्रत हायडेगर यांना पाठवली.

त्याच वर्षाच्या अखेरीस पतिपत्नी वेगळी राहू लागली. आजारपणात पत्नीच्या आणि स्वतःच्या जिवाला त्यांच्या हातून धोका उत्पन्न झाला होता. तरी पत्रे थांबली नाहीत. ऑक्टोबर १९६९ मध्ये ते इस्राएलला गेले. लहानपणी वडिलांच्या हट्टापायी शिकलेले हिब्रू येथे ओठांवर आले. तेल अवीवच्या वाचनाला चेर्नोव्हित्सची जुनी माणसे आली होती; त्यांची ती जुनी, गोड वळणाची जर्मन. वडिलांच्या स्वप्नातील देश त्यांनी पाहिला, तो त्यांना भावला, आणि तरीही ठरलेल्या दिवसाआधीच ते पॅरिसला परतले.

एप्रिल १९७० मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी सेन नदीत आपले जीवन संपवले. १ मे रोजी नदीच्या खालच्या अंगाला त्यांचा देह सापडला. १२ मे रोजी पॅरिसजवळच्या तिए येथील दफनभूमीत, फ्रांस्वाला पुरले होते तेथे, त्यांचा अंत्यविधी झाला. त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये नेली साक्स हिने शेवटचा श्वास घेतला.

अठरा वर्षांनी, १० नोव्हेंबर १९८८ रोजी, पश्चिम जर्मनीच्या संसदेत एक विशेष सभा भरली. प्रार्थनामंदिरे जाळली गेली त्या रात्रीला पन्नास वर्षे झाली होती. नाझींच्या काळात स्वतः छळ सोसलेल्या वृद्ध ज्यू अभिनेत्री इडा एरे उठल्या आणि त्यांनी ‘मृत्यूची फ्यूग’ म्हटली. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, त्याच तारखेच्या सकाळी, तूरला शिकायला निघालेला एक सतरा वर्षांचा मुलगा आगगाडीच्या खिडकीतून बर्लिन पाहत होता.